एका लहान काउंटीच्या एकशे तीस शाळा



गेल्या वार्षिक सभेत एका पालकांनी उभे राहून विचारले होते, "सर, या वर्षी पहिलीत अकराच मुले आली. मराठीचे वर्ग हिंदी वर्गांत मिसळून टाकले तर काय बिघडते?" त्या वेळी आम्ही जे उत्तर दिले ते आमचे आम्हांलाच अपुरे वाटले. संख्या, खर्च, शिक्षकांचे पगार हे सर्व त्या पालकांच्या बाजूने होते. आमच्या बाजूने भावना होती, आणि भावनेवर पगारपत्रक तयार होत नाही.

त्यानंतर दिवाळीत आमची एक माजी विद्यार्थिनी शाळेत भेटीस आली. ती सध्या अमेरिकेत ओमाहा शहरी असते. तेथून मोटारीने दीड-दोन तासांच्या अंतरावर क्लॅरिंडा नावाचे एक गाव आहे. तेथील संग्रहालयाच्या आवारात जतन केलेली 'गोल्डनरॉड स्कूल' नावाची एकखोली शाळा ती पाहून आली होती. तिची छायाचित्रे दाखवून ती म्हणाली, "सर, या एका जिल्ह्यात अशा एकशे तीस शाळा होत्या. आता एकही चालू नाही." आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतलेली, त्यामुळे इंग्रजी वाचनाचा वेग बेताचाच. तरी शब्दकोश जवळ ठेवून या विषयावर जे वाचले व समजून घेतले, ते पालकांसमोर ठेवत आहोत.

अमेरिकेच्या मध्यभागी शेतीप्रधान राज्यांचा जो पट्टा आहे त्याला मिडवेस्ट म्हणतात. आयोवा हे त्यातील एक राज्य. त्याच्या नैर्ऋत्य भागात, मिसूरी राज्याच्या सीमेला लागून पेज काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण आकाराने पुष्कळच लहान. क्षेत्रफळ सुमारे ५३५ चौरस मैल, म्हणजे आपल्या इंदूर जिल्ह्याच्या जवळपास तिसरा हिस्सा. लोकसंख्या मात्र २०२० च्या जनगणनेत अवघी पंधरा हजारांच्या आसपास! इतकी माणसे आपल्याकडे एखाद्या मोठ्या वसाहतीत सापडतील. १९०० साली हीच संख्या चोवीस हजारांच्या वर होती. क्लॅरिंडा हे काउंटीचे मुख्य गाव. शेनान्डोआ हे दुसरे मोठे गाव. बाकी मका, सोयाबीन, गुरे आणि डुकरे. सोयाबीन म्हटल्यावर आपल्या माळव्यातल्या वाचकांना जरा जवळचे वाटेल.

एवढ्याशा भागात एकशे तीस शाळा कशा झाल्या, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. अमेरिकेत १७८५ साली जमिनीच्या मोजणीचा एक कायदा झाला. त्यानुसार नव्या प्रदेशातील जमीन सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशा चौकोनांत आखली गेली. या चौकोनास टाउनशिप म्हणतात. प्रत्येक टाउनशिपचे एक-एक चौरस मैलाचे छत्तीस तुकडे करण्यात आले, आणि त्यांतील सोळाव्या क्रमांकाचा तुकडा शाळेसाठी राखून ठेवण्यात आला. त्या जमिनीच्या विक्रीतून वा भाड्यातून येणारा पैसा शाळेचा. लक्षात घ्या, गाव अजून वसलेले नाही, रस्ता नाही, कित्येक ठिकाणी मोजणीदाराच्या खुणेखेरीज काही नाही, पण शाळेचा हिस्सा कागदावर आधी लिहिला गेला आहे. (ही जमीन मूळ रहिवासी जमातींकडून घेतलेली होती, हेही विसरून चालणार नाही.)

पुढे वस्ती झाली तेव्हा हिशेब साधा होता. मूल शाळेत पायी जाणार, म्हणून घरापासून शाळा फार तर दोन मैलांवर असावी. छत्तीस चौरस मैलांच्या टाउनशिपमध्ये दर चार चौरस मैलांना एक धरली तर नऊ शाळा होतात. पेज काउंटीत सोळा टाउनशिप आहेत. आपल्या चौथीच्या मुलांनीही गुणाकार करून पाहावा. उत्तर एकशे तीसच्या फार दूर येत नाही. म्हणजे या शाळा कोणाच्या लहरीने उभ्या राहिल्या नव्हत्या. मुलाचे पाय किती चालू शकतात यावर त्यांची संख्या ठरली होती.

शाळा म्हणजे एक खोली, एक शेगडी, एक शिक्षिका. पहिली ते आठवीची मुले एकाच ठिकाणी बसत. शिक्षिका पुष्कळदा अठरा-वीस वर्षांची, स्वतः थोड्याच वर्षांपूर्वी तशाच शाळेतून बाहेर पडलेली. सकाळी लवकर येऊन शेगडी पेटवणे, खोली झाडणे हेही तिचेच काम. मोठी मुले लहानांचा पाढा ऐकून घेत. पेरणीच्या व कापणीच्या दिवसांत मोठी मुले शेतावर असत आणि थंडीत संख्या एकदम वाढे. आमच्या पिढीतल्या ज्यांनी माळव्यातल्या खेड्यांत नोकरीची पहिली वर्षे काढली, त्यांना यात नवल वाटणार नाही. एका शिक्षकाने पाच वर्ग सांभाळण्याची कसरत आम्हीही केली आहे.

या सर्व शाळांवर एक काउंटी सुपरिन्टेंडंट असे, म्हणजे आपल्याकडील जिला शिक्षा अधिकाऱ्यासारखे पद. फरक इतकाच की ते पद त्या काळी निवडणुकीने भरले जाई. आता खरी गोष्ट येथून पुढे आहे.

जेसी फील्ड ही शेनान्डोआजवळच्या शेतकरी घरातली मुलगी, जन्म १८८१ चा. १९०१ साली, वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास, ती गोल्डनरॉड शाळेत शिकवू लागली. पाठ्यपुस्तकात जे होते त्याचा मुलांच्या घराशी काही संबंध नाही, हे तिच्या ध्यानात आले. मुले गणितात दूरच्या शहरांतील व्यापाऱ्यांचे नफे-तोटे काढत. बापाच्या शेतात मका कमी का आला, हे मात्र त्यांना सांगता येत नसे. तिने शाळा सुटल्यावर मुलांसाठी मक्याचा आणि मुलींसाठी घरकामाचा असे दोन क्लब सुरू केले. पुढे पदवी घेऊन व इतरत्र नोकरी करून ती परत आली आणि १९०६ साली पेज काउंटीची सुपरिन्टेंडंट म्हणून निवडून आली. येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. आयोवामध्ये स्त्रियांना शिक्षण खात्यातील पदांवर निवडून येण्याची मुभा १८७६ पासून होती, पण अशा निवडणुकीत मत देण्याचा हक्क मात्र नव्हता. म्हणजे बाईसाहेब निवडून येऊ शकत होत्या, पण स्वतःस मत देऊ शकत नव्हत्या!

या पदावर तिने गोल्डनरॉडचा प्रयोग काउंटीतील सर्व एकशे तीस शाळांत नेला. प्रयोग कसा होता ते सविस्तर सांगतो, कारण आम्हांस यातच सर्वांत जास्त रस वाटला. त्या काळी शेतकरी पुढच्या वर्षीचे बियाणे आपल्याच पिकातून राखून ठेवत. कणीस दिसायला टपोरे असले की ते बियाण्याचे. परंतु थंडीने आतला अंकुर मेलेला असला तर ते वरून कळत नाही, आणि एका कणसात सात-आठशे दाणे असतात. एक वाईट कणीस पेरले की शेतात तितक्या जागा रिकाम्या. आयोवाच्या कृषी महाविद्यालयाचे प्राध्यापक पेरी होल्डन त्या दिवसांत रेल्वेगाडीतून गावोगाव फिरून हेच समजावीत होते. शाळेतील मुले घरून कणसे आणत, प्रत्येकावर क्रमांक बांधत, आणि प्रत्येक कणसाच्या निरनिराळ्या भागांतून सहा दाणे काढत. ओल्या फडक्यावर चौकोन आखून, क्रमांकाप्रमाणे दाणे मांडून, फडके गुंडाळून उबेत ठेवत. आठवडाभराने उघडून पाहत. सहाच्या सहा उगवले तर कणीस बियाण्याला, नाहीतर डुकरांना. मग गणिताच्या तासाला हिशेब: शंभर कणसांपैकी किती नापास, एकरी किती रोपे कमी झाली असती, बाजारभावाने किती डॉलर बुडाले असते.

या एका कामात विज्ञान आले, टक्केवारी आली, नोंद ठेवणे आले. त्याहून मोठे म्हणजे, वडिलांना माहीत नसलेली एक उपयोगाची गोष्ट घेऊन मूल संध्याकाळी घरी जाऊ लागले. आमच्या तीस वर्षांच्या नोकरीत शाळेबद्दल पालकांचे मत भाषणाने बदललेले आम्ही पाहिले नाही. मूल घरी काय घेऊन येते यावरून ते बदलते. १९११ साली तिने आपल्या अनुभवावर 'द कॉर्न लेडी' नावाचे, एका खेड्यातील शिक्षिकेच्या पत्रांच्या रूपातले लहानसे पुस्तक काढले.

चांगले काम करणाऱ्या मुलांना देण्यासाठी जेसीबाईंनी तीन पानांच्या क्लोव्हरचा बिल्ला तयार केला. क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीमच्या जातीचे चारापीक. प्रत्येक पानावर इंग्रजी एच हे अक्षर. डोके, हात आणि हृदय या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे ते आद्याक्षर. पुढे चौथे पान आले, त्याचा अर्थ काही काळ बदलत राहून शेवटी 'हेल्थ' म्हणजे आरोग्य असा स्थिरावला. हीच आजची 'फोर-एच' संघटना. आज अमेरिकेतील साठ लाखांच्या आसपास मुले तिच्याशी जोडलेली आहेत. तिच्या जन्माचा मान ओहायो राज्यातील क्लार्क काउंटीही सांगते. तेथे ए. बी. ग्रॅहम या शाळा-अधीक्षकाने १९०२ साली असाच क्लब काढला होता. हा वाद आपण सोडून देऊ. दोन्ही ठिकाणी सुरुवात मंत्रालयात न होता लहान काउंटीच्या शाळाखात्यात झाली, इतके लक्षात ठेवले तरी पुरे.

१९१२ साली जेसीबाई न्यूयॉर्कला दुसऱ्या कामावर गेल्या. त्यांचे निधन १९७१ चे. म्हणजे आपल्या एकशे तीस शाळा एकामागून एक बंद होताना त्यांनी पाहिल्या.

त्या बंद का झाल्या? कोणी शत्रू नव्हता. चिखलाचे रस्ते पक्के झाले, घोडागाडीच्या जागी मोटार-बस आली. (सर्व अमेरिकेत दिसणारा शाळेच्या बसचा पिवळा रंग १९३९ साली न्यूयॉर्कच्या एका परिषदेत ठरला.) मूल आता दहा-पंधरा मैल जाऊ शकत होते, तेव्हा पायांचा जुना हिशेब उरला नाही. मोठ्या शाळेत प्रत्येक वर्गाला वेगळी खोली, प्रयोगशाळा, हायस्कूल. कोणत्या आईबापांना ते नको असेल? दुसरीकडे ट्रॅक्टर आला आणि चार कुटुंबांची शेती एक कुटुंब करू लागले. मुलेच कमी झाली. आणि १९३० नंतर संकरित बियाणे आले, जे दर वर्षी विकतच घ्यावे लागते. जे काम मुले फडके ओले करून करत होती, ते कंपनी करू लागली.

आयोवामध्ये १९५० च्या दशकात चार हजारांहून अधिक शालेय क्षेत्रे होती. १९६५ च्या कायद्याने ठरवले की पुढच्या वर्षापर्यंत राज्यातील प्रत्येक जागा हायस्कूल चालवणाऱ्या एखाद्या क्षेत्रात सामील झाली पाहिजे. एकखोली शाळांचा काळ तेथे संपला. काउंटी सुपरिन्टेंडंटचे पदही १९७५ मध्ये गेले. त्याऐवजी अनेक काउंट्या मिळून एक विभागीय संस्था आली, जी विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी तज्ज्ञ पुरवते. आज राज्यात सव्वातीनशेच्या आसपास क्षेत्रे आहेत.

येथे एक शब्द स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण आम्हीही प्रथम फसलो. तिकडे 'स्कूल डिस्ट्रिक्ट' म्हणजे जिल्हा नव्हे. ते शाळा चालवणारे स्वतंत्र क्षेत्र असते, ज्याच्या सीमा काउंटीच्या सीमेशी जुळतातच असे नाही. लहानशा पेज काउंटीतही क्लॅरिंडाचे वेगळे, शेनान्डोआचे वेगळे, एसेक्स या छोट्या गावाचे वेगळे अशी क्षेत्रे आहेत. प्रत्येकाचे पाच किंवा सात जणांचे मंडळ गावकरी निवडून देतात. या सदस्यांना पगार नसतो. शेतकरी, परिचारिका, दुकानदार असे लोक संध्याकाळी बैठकीस जमतात, अधीक्षक नेमतात, अंदाजपत्रक मंजूर करतात. बैठक सर्वांस खुली असते. नवी इमारत बांधण्यासाठी कर्जरोखे काढायचे असतील तर मतदान घ्यावे लागते आणि साठ टक्के मते मिळावी लागतात. एकोणसाठ टक्के मिळाली तरी इमारत होत नाही! आपल्या व्यवस्थापन समितीचे सदस्य हे वाचून सुटकेचा निःश्वास टाकतील.

पैसा मुख्यतः दोन ठिकाणांहून येतो: जमीन व घरांवरचा स्थानिक कर, आणि राज्य शासन. केंद्र सरकारचा वाटा थोडा. श्रीमंत व गरीब क्षेत्रांत फार अंतर पडू नये म्हणून आयोवाने १९७१ मध्ये एक सूत्र ठरवले. सर्वांनी सारख्या दराने कर लावावा, आणि त्यातून दर विद्यार्थ्यामागे जे कमी पडेल ते बहुतांशी राज्याने भरावे. विचार न्याय्य आहे. पण त्यात एक मेख आहे. पैसा मुलांच्या संख्येवर मिळतो, आणि ही मोजणी दर वर्षी १ ऑक्टोबरला होते. २०२३-२४ मध्ये दर मुलामागे हा आकडा साडेसात हजार डॉलरच्या वर होता. एखाद्या क्षेत्रातून दहा मुले कमी झाली तर पाऊण लाख डॉलर गेले, म्हणजे एका नव्या शिक्षकाच्या वर्षाच्या पगाराहून जास्त. पण ती दहा मुले एका वर्गातून जात नाहीत. या वर्गातून एक, त्या वर्गातून दोन अशी जातात. शिक्षक कमी करता येत नाही, बसचा एकही फेरा वाचत नाही, शेगडी तितकीच जळते. संख्या घटणे आणि खर्च घटणे या दोन गोष्टी बरोबर चालत नाहीत, हे प्रत्येक लहान शाळेचे दुखणे आहे. ज्या पालकांनी सभेत प्रश्न विचारला त्यांना आम्ही हेच सांगावयास हवे होते.

१९८९ पासून आयोवात मुलाला शेजारच्या क्षेत्रात पाठवण्याची मोकळीक आहे, आणि पैसा मुलाबरोबर जातो. २०२३ साली आणखी एक कायदा झाला. त्यानुसार खासगी शाळेत जाणाऱ्या मुलासाठीही तितकीच रक्कम राज्य देते. प्रथम कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना, आणि २०२५-२६ पासून सर्वांना. समर्थक म्हणतात, निवड पालकांची असावी. विरोधक विचारतात, ज्या गावी खासगी शाळाच नाही तेथे ही निवड कसली? आमचे मत विचाराल तर दुसरा प्रश्न आम्हांस अधिक वजनदार वाटतो. पण आम्ही स्वतः अनुदान घेणारी खासगी शाळा चालवतो, तेव्हा फार जोराने बोलणे शोभणार नाही.

मग लहान क्षेत्रे तग कशी धरतात? वाटून घेऊन. दोन क्षेत्रे मिळून एकच अधीक्षक नेमतात. एका गावी माध्यमिक वर्ग आणि दुसऱ्या गावी हायस्कूल अशी विभागणी करतात. खेळाचा संघ एकत्र उतरवतात. हायस्कूलची मुले जवळच्या कम्युनिटी कॉलेजचे विषय शाळेतूनच पूर्ण करतात. अशा एका महाविद्यालयाची केंद्रे क्लॅरिंडा व शेनान्डोआ दोन्हीकडे आहेत.

तरीही सर्वांना हे साधत नाही. पेज काउंटीच्या पश्चिमेला फ्रेमाँट काउंटी आहे. तेथील फॅरागट हे पाचशेच्या आतबाहेर वस्तीचे गाव. आयोवात मुलींचा बास्केटबॉल पूर्वी सहा-सहा जणींचा असे. तिघी आक्रमणाला, तिघी बचावाला, आणि कोणी मैदानाची मधली रेघ ओलांडायची नाही. १९९३ पर्यंत तो चालला. फॅरागटच्या मुलींनी १९७१ साली या खेळात राज्याचे विजेतेपद मिळवले होते. पुढे मुले घटली. शेजारच्या हॅम्बर्ग गावाशी वर्ग वाटून घेऊनही आर्थिक घडी बसेना. अखेर राज्याच्या शिक्षण मंडळाने २०१५ मध्ये निर्णय दिला, आणि १ जुलै २०१६ पासून फॅरागटचे शालेय क्षेत्र विसर्जित झाले. मुले आसपासच्या शाळांत गेली.

एडेअर काउंटीतील ओरिएंट-मॅक्सबर्गची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे लोकांनी २०२४ मध्ये स्वतः मतदान करून आपले क्षेत्र बंद करण्याचे ठरवले, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात ते बंद झाले. दोन्हीकडे परिणाम एकच. परंतु पहिल्या गावाला निकाल ऐकावा लागला आणि दुसऱ्या गावाने तो स्वतः लिहिला. हा फरक लहान नाही. आपल्या मध्यप्रदेशात 'एक परिसर, एक शाला' या नावाखाली शाळा एकत्र केल्या गेल्या, तेव्हा कोणत्या गावाचे मत घेतल्याचे आमच्या ऐकिवात आले नाही.

आता भाषेविषयी एक गोष्ट, कारण ती वाचताना आम्ही थबकलो. पेज काउंटीच्या वायव्य कोपऱ्यात, एसेक्सच्या आसपास, स्वीडनमधून आलेली शेतकरी कुटुंबे वसली होती. घरी व चर्चमध्ये स्वीडिश चाले. पहिल्या महायुद्धात, मे १९१८ मध्ये, आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फर्मान काढले की शाळेत, सार्वजनिक जागी, रेल्वेत, टेलिफोनवर, इतकेच काय प्रार्थनेतही इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलू नये. रोख जर्मनवर होता, पण फटका सर्वांना बसला. लगतच्या नेब्रास्का राज्यात रॉबर्ट मेयर नावाच्या शिक्षकांना मुलाला जर्मन वाचायला शिकवल्याबद्दल दंड झाला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९२३ मध्ये न्यायालयाने असे कायदे रद्द ठरवले. आयोवाचा कायदाही त्याच दिवशी गेला. पण तोवर पाच वर्षे गेली होती, आणि पाच वर्षांत पहिलीतले मूल सहावीत पोहोचते. आपल्या राज्यघटनेत भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असे कलम ३५० (क) मध्ये सांगितले आहे. आमच्यावर कोणी फर्मान काढलेले नाही. आमच्या वर्गात अकरा मुले आहेत ती आमच्याच घरांतून आलेल्या निर्णयांमुळे.

व्यवस्थापन समितीने या विषयावर येत्या महिन्यात पालकांची विशेष सभा बोलावण्याचे मान्य केले आहे. त्या सभेत आम्ही तीन वर्षांचे जमाखर्च व वर्गवार संख्या सर्वांसमोर ठेवू. पालकांनी हात वर करून नव्हे, चिठ्ठीने मत द्यावे, अशी आमची सूचना आहे. वर्ग एकत्र करायचे ठरले तर काय वाटून घेता येईल आणि काय नाही, हेही त्याच सभेत बोलू. तारीख फलकावर लावली जाईल.

जाता जाता एक छोटी बातमी. शाळा उघडल्यावर जूनमध्ये आठवीच्या मराठी वर्गातील मुलांनी जेसीबाईंचा प्रयोग करून पाहिला. मका मिळाला नाही, म्हणून सोयाबीन घेतले. आमच्या शाळेच्या शिपाईदादांची सांवेर तहसिलीत थोडी शेती आहे. घरी राखून ठेवलेल्या त्यांच्या बियाण्यातले शंभर दाणे मुलांनी ओल्या पोत्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडून गुंडाळले आणि रोज सकाळी पाणी शिंपडले. पाचव्या दिवशी पोते उघडून मोजले तर अठ्ठावन्न दाणे उगवले होते. सोयाबीनला निदान सत्तर तरी हवेत. मुलांनी तीनदा मोजून कागदावर लिहिले आणि कागद दादांच्या हाती दिला. दादांनी तो नीट घडी करून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी अर्ध्या सुट्टीचा अर्ज आला, कारण लिहिले होते: बियाणे बदलण्यास जाणे आहे.